शेवटचे एक अक्षर

मराठीत वाक्याचा निकाल पुष्कळदा शेवटच्या शब्दावर लागतो. ‘उद्याची सहल ठरल्याप्रमाणे सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून निघणार’ इथपर्यंत ऐकून वर्ग टाळ्या वाजवू लागतो आणि मग गुरुजी शेवटचा शब्द उच्चारतात, ‘नाही’. आधीच्या नऊ शब्दांपैकी एकही बदललेला नसतो. सर्वांचा मिळून होणारा अर्थ मात्र उलटलेला असतो. मराठी बोलणाऱ्याला याची सवय असते, म्हणून तो वाक्य पुरते होईपर्यंत थांबतो.

संगणकाच्या भाषांतही अशी एक जागा आहे. मजकुरातून हवा तो भाग शोधण्यासाठी तेथे चिन्हांचा एक नमुना लिहितात आणि नमुना संपला, की त्याच्या शेवटी एखादे अक्षर जोडतात. हे अक्षर स्वतः काही शोधत नाही. आधीची चिन्हे कशी वाचावीत, ते सांगते. त्याला मॉडिफायर म्हणतात. नमुने शिकवताना ‘शेवटी आय लावा’, ‘शेवटी एम लावा’ असे सांगून आपण पुढे जातो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच करत होतो. त्यातून झालेली एक फजिती आणि तिच्यामुळे शिकलेली नोंद ठेवण्याची रीत येथे मांडत आहोत. उदाहरणे ‘पर्ल’ या भाषेतील आहेत, कारण या अक्षरांपैकी बरीचशी तेथे रुळली आणि तेथून इतर भाषांत गेली.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. या लेखात रोमन अक्षरे त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टंकताना ‘आय’, ‘एम’, ‘एस’ यांच्या जागी त्या त्या नावाचे लहान रोमन अक्षर टंकावे.

नमुना म्हणजे काय?

अशा नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. या कल्पनेचा उगम संगणकात नाही. मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रारूप मॅक्‌कुलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले होते. अशी जाळी कोणकोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकतील, या प्रश्नाचा विचार करताना स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने या पदावल्या तयार केल्या. त्याचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये केन टॉम्प्सन याने या पदावल्या वापरून संगणकावरील मजकुरात शोध कसा घ्यावा, याची पद्धत प्रसिद्ध केली आणि गणितातील कल्पना रोजच्या कामाचे हत्यार झाली.

मजकूर म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या मण्यांची माळ, असे समजू या. प्रत्येक अक्षर हा एक पांढरा मणी. ओळ संपते त्या जागीही संगणक एक चिन्ह साठवतो, नव्या ओळीचे चिन्ह. तो आपला लाल मणी. कागदावर आपल्याला ओळी एकाखाली एक दिसतात. संगणकापुढे मात्र एकच लांब माळ असते आणि तिच्यात मधूनमधून लाल मणी असतात.

नमुना दोन तिरक्या रेघांमध्ये लिहितात. त्यात साधी अक्षरे स्वतःलाच शोधतात आणि काही चिन्हांना खास अर्थ असतो. त्यांपैकी तीन आपल्याला लागतील. टिंब ( . ) म्हणजे कोणताही एक मणी. टोपी ( ^ ) म्हणजे सुरुवातीची जागा. डॉलर ( $ ) म्हणजे शेवटची जागा. टोपी आणि डॉलर मणी शोधत नाहीत, केवळ जागा शोधतात.

उदाहरणार्थ,

/क.ळ/

हा नमुना ‘कमळ’ या शब्दाशी जुळतो. तो ‘काळ’ आणि ‘केळ’ यांच्याशीही जुळतो, कारण संगणकाच्या हिशेबी काना आणि मात्रा हे स्वतंत्र मणी आहेत. ‘कळ’ या शब्दाशी मात्र तो जुळत नाही, कारण मधला मणीच नाही.

आमच्या वहीतील नोंद

आमच्या प्रयोगशाळेत तापमान नोंदवणारे एक उपकरण आहे. ते दिवसाच्या आरंभी ‘डेट’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ लिहिते आणि तिच्याखाली दिवसभराची मापे लिहीत जाते. महिनाभराची धारिका वाचून तिच्यात किती दिवसांच्या नोंदी आहेत, ते मोजायचे होते. काम सोपे होते. धारिका एकाच माळेत घेतली आणि ओळीच्या सुरुवातीला ‘डेट’ असेल तेथे मोजा, अशा हेतूने नमुना लिहिला:

/^डेट/जीएस

येथील ‘जी’ म्हणजे सापडेल तितक्या वेळा शोधा. ‘एस’ आम्ही वहीत पाहून लावला होता. मॉडिफायरांची एक यादी आमच्या वहीत होती आणि नव्या विद्यार्थ्यांना ती उतरवून घ्यायला सांगत असू. तीत लिहिले होते: ‘एम: अनेक ओळींत शोधतो. एस: एकाच ओळीत शोधतो.’ आम्ही विचार केला, की ‘डेट’ हा शब्द एकाच ओळीत असतो, दोन ओळींवर पसरत नाही. तेव्हा ‘एस’ योग्य.

उत्तर आले: १.

संगणकाने चूक दाखवली नाही की सूचना दिली नाही. तीस दिवसांपैकी एकाच दिवसाची नोंद, असे उत्तर पाहून आम्ही उपकरणाला दोष दिला. त्याची जोडणी तपासली, बॅटरी बदलली. दोन दिवसांनी कोणीतरी धारिका उघडून डोळ्यांनी पाहिली, तेव्हा तीसच्या तीस नोंदी जागच्या जागी होत्या. उपकरण निर्दोष होते आणि पर्लही. चूक आमच्या वहीत होती.

लाल मण्याचा प्रश्न कोठून आला?

ही नोंद चुकीची का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टॉम्प्सनच्या काळातील संपादन-आज्ञावल्या मजकूर एकेक ओळ घेऊन तपासत. १९७३ च्या सुमारास आलेली ‘ग्रेप’ ही प्रसिद्ध शोध-आज्ञाही तसेच करते. एक ओळ उचलायची, नमुना लावून पाहायचा, मग पुढची ओळ. आपल्या भाषेत सांगायचे, तर माळ लाल मण्यापाशी तोडून एकेक तुकडा हातात घ्यायचा. अशा तुकड्यात मध्ये लाल मणी नसतोच. ‘सुरुवात म्हणजे माळेची, की ओळीची?’ हा प्रश्न तेथे पडत नाही, कारण दोन्ही एकच.

लॅरी वॉल याने डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. तीत संपूर्ण धारिका एका माळेत घेता येते. आता लाल मणी माळेच्या मध्ये आले आणि दोन नवे प्रश्न उभे राहिले. पहिला, टोपी आणि डॉलर यांनी केवळ माळेची टोके पाहावीत, की प्रत्येक लाल मण्याच्या अलीकडची-पलीकडची जागाही पाहावी? दुसरा, ‘कोणताही मणी’ म्हणणाऱ्या टिंबात लाल मणी धरावा की नाही?

हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत. पहिला जागांविषयी आहे, दुसरा मण्यांविषयी.

जुन्या पर्लमध्ये पहिल्या प्रश्नासाठी एक कळ होती. डॉलर आणि तारका अशा नावाच्या एका चलाची किंमत १ केली, की टोपी-डॉलर ओळींची टोके पाहू लागत. पण ही कळ घरभर एकच. एका नमुन्यासाठी ती दाबली, की आज्ञावलीतील सर्व नमुन्यांचा अर्थ बदले. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या पर्ल ५ ने हा घोळ मिटवण्यासाठी नमुन्यागणिक लावता येतील अशी दोन अक्षरे दिली, ‘एम’ आणि ‘एस’. ‘एम’ हे ‘मल्टिपल लाइन्स’चे आद्याक्षर, ‘एस’ हे ‘सिंगल लाइन’चे.

दोन अक्षरे, दोन कामे

‘एम’ लावले, की टोपी आणि डॉलर माळेच्या टोकांबरोबरच प्रत्येक ओळीच्या टोकाशीही जुळतात. टिंबाला ते हात लावत नाही. ‘एस’ लावले, की टिंबात लाल मणीही धरला जातो. टोपी-डॉलर यांना ते हात लावत नाही. दोघांची कामे निराळी असल्यामुळे दोन्ही एकदम लावता येतात.

हे पडताळून पाहण्यासाठी तीन ओळींचा मजकूर घेऊ: पहिली ओळ ‘पाऊस’, दुसरी ‘वारा’, तिसरी ‘ऊन’. माळेत ‘पाऊस’नंतर एक लाल मणी आणि ‘वारा’नंतर एक. आता तीन नमुने लावू.

पहिला: /^वारा/

काहीही न लावता जुळत नाही, कारण माळेची सुरुवात ‘पाऊस’ने होते. ‘एम’ लावल्यास जुळतो. नुसता ‘एस’ लावल्यास जुळत नाही.

दुसरा: /पाऊस.वारा/

काहीही न लावता जुळत नाही, कारण मधला मणी लाल आहे आणि टिंब तो घेत नाही. ‘एम’ लावूनही जुळत नाही. ‘एस’ लावल्यास जुळतो.

तिसरा: /^वारा.ऊन/

नुसत्या ‘एम’ने टोपीचे काम होते, पण टिंब अडते. नुसत्या ‘एस’ने टिंबाचे काम होते, पण टोपी अडते. ‘एमएस’ अशी दोन्ही अक्षरे लावली, तरच जुळतो.

‘अनेक ओळी’ आणि ‘एकच ओळ’ ही एकमेकांच्या विरुद्ध नावे आहेत. विरुद्ध गोष्टी एकत्र नांदत नाहीत, असे आपले मन सांगते. तिसरा नमुना नेमका तोच समज खोडून काढतो. आमच्या धारिकेसाठी ‘एस’ निरुपयोगी होता, कारण नमुन्यात टिंब नव्हतेच. हवा होता ‘एम’.

मग अशी नावे पडली कशी? त्यालाही इतिहास आहे. आरंभी ‘एस’कडे आणखी एक काम होते. ती जुनी घरभर चालणारी कळ दाबलेली असली, तरी ‘एम’शिवाय ‘एस’ लावलेल्या नमुन्यापुरती तिची मात्रा चालत नसे. टोपी-डॉलर माळेच्या टोकांशीच राहत. म्हणजे माळ ‘एकच ओळ’ समजली जाई. तेव्हा ते नाव अर्धे तरी खरे होते. डिसेंबर २००७ च्या पर्ल ५.१० मध्ये त्या जुन्या कळेचा प्रभावच काढून टाकला गेला. काम गेले, नाव उरले.

विज्ञानशिक्षकांना असे नाव परके नाही. ‘ऑक्सिजन’ या शब्दाचा मूळ अर्थ आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतो, असे लाव्हाझिए समजत होता. मीठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नाही, हे पुढे हम्फ्री डेव्हीच्या संशोधनातून स्पष्ट झाले. नाव कोणी बदलले नाही. तरी आज विद्यार्थी फसत नाही, कारण पुस्तकात नावाबरोबर गुणधर्मही दिलेले असतात. आमच्या वहीत मात्र नावाचे भाषांतर होते, गुणधर्म नव्हता.

नोंद कशी लिहावी?

त्यानंतर आम्ही ती यादी नव्याने लिहिली. प्रत्येक अक्षरापुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहायची, असे ठरवले. हे अक्षर नमुन्यातील कोणत्या चिन्हाचा अर्थ बदलते? ते नसताना त्या चिन्हाचा अर्थ काय असतो? ते कशाला हात लावत नाही? आणि ज्यात त्याच्यामुळे उत्तर बदलते, असे सर्वांत लहान उदाहरण कोणते? चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला. उदाहरण देता आले नाही, तर आपल्याला ते अक्षर कळलेलेच नाही. या चार प्रश्नांनी आणखी काही अक्षरे तपासू.

‘आय’: हे अक्षर रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांतील भेद पुसते. ते नसताना हा भेद पाळला जातो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, तेव्हा मराठी शब्दांवर त्याचा काही परिणाम होत नाही. येथपर्यंत सोपे आहे. पण जर्मन भाषेतील ‘एस्-त्सेट’ हे एक अक्षर मोठ्या लिपीत लिहिताना दोन ‘एस’ लिहिण्याची रीत आहे. युनिकोडचे नियम लागू असतील, तेव्हा पर्लमध्ये ‘आय’ लावल्यावर हे एक अक्षर दोन अक्षरांशी जुळते. तसेच युनिकोडमध्ये केल्विन या तापमान-एककासाठी वेगळे चिन्ह आहे. ते साध्या ‘के’ अक्षराशी जुळते. ‘लहान-मोठे सारखे मानते’ ही नोंद खोटी नाही, पण अपुरी आहे.

‘एक्स’: हे अक्षर नमुन्यातील कोऱ्या जागा आणि नव्या ओळी दुर्लक्षित करते. शिवाय # या चिन्हापासून ओळीच्या अखेरपर्यंतचा भाग टिप्पणी समजते. त्यामुळे लांब नमुना चार ओळींत मांडून प्रत्येक ओळीपुढे तिचा हेतू लिहिता येतो. शिकवणाऱ्याला याहून उपयोगी अक्षर नाही. पण दुसरी बाजूही लिहावी लागते. /भारत देश/एक्स हा नमुना ‘भारत देश’ या मजकुराशी जुळत नाही. तो ‘भारतदेश’शी जुळतो. जागा खरोखरच शोधायची असेल, तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ‘एक्स’ मजकुरातील जागांना हात लावत नाही, केवळ नमुन्यातील जागांना लावते, ही ओळ नोंदीत हवीच.

‘जी’: येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्याही चिन्हाचा नाही’ असे येते! ‘जी’ नमुन्याचा अर्थ बदलत नाही, शोध किती वेळा घ्यायचा ते सांगते. शोधलेल्या मजकुराच्या जागी दुसरा घालताना वापरतात ती ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरेही याच गटातील. ‘ई’ नव्या मजकुराला आज्ञा समजून तिचे उत्तर घालते. २०११ च्या पर्ल ५.१४ मध्ये आलेले ‘आर’ मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून बदललेली प्रत हाती देते. म्हणजे ज्यांना आपण सरसकट मॉडिफायर म्हणतो, त्यांच्या दोन जाती आहेत. काही ‘काय शोधायचे’ ते बदलतात, काही ‘शोधून काय करायचे’ ते. पर्लची माहितीपुस्तिकाही त्यांना वेगवेगळे मांडते.

गुणपत्रकातील शून्य

पुढचे अक्षर मराठी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे. नमुन्यात \डी असे लिहिले, की त्याचा अर्थ ‘कोणताही एक अंक’. पण अंक म्हणजे कोणता? युनिकोडमध्ये अनेक लिप्यांचे अंक आहेत आणि पर्ल त्या सर्वांना अंक मानते. आपला ‘५’ त्यात आहे, तसाच बंगाली, गुजराती आणि अरबी लिप्यांमधलाही.

समजा, गुण भरण्याच्या अर्जात ‘केवळ अंक हवेत’ अशी तपासणी \डी वापरून केली आहे. एका शिक्षकाने देवनागरीत ‘४५’ भरले. तपासणी पार पडली. पुढे बेरीज करताना मात्र पर्ल देवनागरी अंकांना संख्या समजत नाही. ती किंमत शून्य धरते. सूचना देण्याची सोय चालू केलेली असेल, तरच ताकीद मिळते. नसेल तर बेरीज शून्य धरून पुढे जाते. विद्यार्थ्याचे पंचेचाळीस गुण असे कोणाला न कळता जाऊ शकतात. आणखी एक धोका रूपसाम्याचा. बंगालीतील चाराचा अंक रोमन आठासारखा दिसतो. नमुन्याच्या मते दोन्ही अंकच आहेत. माणसाचा डोळा मात्र चाराला आठ वाचतो.

यासाठी पर्ल ५.१४ मध्ये ‘ए’ हे अक्षर आले. ते लावल्यावर \डी केवळ शून्य ते नऊ या दहा रोमन अंकांशी जुळते. ‘एए’ असे दोनदा लिहिले आणि ‘आय’ही लावलेला असला, तर वर सांगितलेले केल्विनचे चिन्ह साध्या ‘के’शी जुळणे बंद होते. देवनागरी अंक स्वीकारायचेच असतील, तर ‘ए’ लावू नये. पण मग बेरजेआधी त्यांचे रूपांतर करण्याची जबाबदारी आपली. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. आपण कोणता घेतला, हे न लिहिणे मात्र चूक.

भाषा बदलली की

एका भाषेची नोंद दुसरीत चालेलच, असे नाही. पायथनमध्ये टिंबाचा अर्थ बदलणाऱ्या मॉडिफायरला ‘डॉट-ऑल’ असे पूर्ण नाव आहे. टिंबात सर्व काही धरा! कोणते चिन्ह बदलते, ते नावातच सांगितलेले आहे. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात ‘एम’ १९९९ मध्ये आले, पण ‘एस’ यायला २०१८ उजाडले. तेथील \डी मूळचाच केवळ रोमन अंक पाहतो.

रुबी या भाषेत खरी गंमत आहे. तेथे टोपी आणि डॉलर नेहमीच ओळींची टोके पाहतात, काही न लावता. आणि ‘एम’ हे अक्षर लावले, की बदलते ते टिंब! म्हणजे पर्लमधील ‘एस’चे काम रुबीत ‘एम’ करते. या फरकाचा परिणाम सुरक्षिततेपर्यंत पोचला. अर्जात भरलेली माहिती तपासताना ‘टोपीपासून डॉलरपर्यंत केवळ अक्षरे’ असा नमुना लिहिणाऱ्याला वाटते, की संपूर्ण माहिती तपासली गेली. रुबीत मात्र एक ओळ नियमात बसली, की काम झाले. दुसऱ्या ओळीत घातलेला घातक मजकूर बिनबोभाट आत येतो. रुबीतील ‘रेल्स’ या प्रसिद्ध संचाच्या २०१३ मधील चौथ्या आवृत्तीपासून अशा तपासणीत टोपी-डॉलर वापरल्यास, मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय, काम थांबवून धोक्याची सूचना दिली जाते. माळेचीच टोके हवी असतील, तर त्यासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत: सुरुवातीला \ आणि मोठा ‘ए’, शेवटी \ आणि लहान ‘झेड’. ही दोन चिन्हे पर्लमध्येही आहेत आणि ‘एम’ त्यांना हात लावत नाही.

अक्षर पुढे आणले तर?

लॅरी वॉल हा भाषाशास्त्राचा अभ्यासक. पर्लची नवी पिढी आखताना २००२ मध्ये त्याने या साऱ्या मांडणीचा फेरविचार केला. नमुना वाचण्याआधीच तो कसा वाचायचा ते कळले पाहिजे. म्हणून मॉडिफायर शेवटी न ठेवता आरंभी ठेवावे, असे ठरले. नमुन्यात मोकळी जागा सोडण्याची मुभा कायमची झाली, त्यामुळे ‘एक्स’ची गरज उरली नाही. ‘एम’ आणि ‘एस’ तर काढूनच टाकले. एक टोपी म्हणजे माळेची सुरुवात, दोन टोप्या म्हणजे ओळीची, डॉलरचेही तसेच, आणि टिंबात लाल मणीही धरलेला. दोन अर्थांसाठी दोन चिन्हे झाली, की अर्थ पालटणाऱ्या अक्षराचे काम संपते. २०१९ पासून ही भाषा ‘राकू’ या नावाने ओळखली जाते.

पण पर्ल ५ च्या रीतीने लिहिलेले नमुने जगभर इतक्या आज्ञावल्यांत आहेत, की जुनी अक्षरे जाणार नाहीत. ती आहेत तोवर त्यांची नोंद नीट ठेवणे, एवढेच आपल्या हाती आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

संगणक नसला, तरी हा प्रयोग होतो. ‘पाऊस, वारा, ऊन’ ही तीन नावे चिठ्ठ्यांवर लिहून एका दोऱ्यात ओवा. चिठ्ठ्यांच्या मध्ये एकेक लाल मणी घाला. वर दिलेले तीन नमुने फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासाठी चार स्तंभ आखा: काही नाही, एम, एस, एमएस. एकूण बारा चौकटी होतील. मुलांनी आधी प्रत्येक चौकटीत ‘जुळतो’ किंवा ‘जुळत नाही’ असे लिहावे आणि मग दोरा हातात घेऊन पडताळावे. बारांपैकी पाच चौकटींत ‘जुळतो’ असे उत्तर येते. कमी-जास्त आले, तर कोणत्या चिन्हापाशी गफलत झाली, ते शोधायला सांगावे.

संगणकावर करून पाहणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. आज्ञावलीत देवनागरी अक्षरे वापरणार असाल, तर आरंभी ‘यूज यूटीएफ८’ ही आज्ञा लिहावी. ती नसेल, तर पर्ल प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन तुकडे मोजते आणि /क.ळ/ हा नमुना ‘कमळ’शीही जुळत नाही.

आमच्या वहीतील जुनी यादी आम्ही फाडली नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारच्या पानावर नवी नोंद लिहिली आहे. नव्या विद्यार्थ्यांना आता दोन्ही पाने दाखवतो आणि पहिल्या पानावर काय चुकले ते विचारतो. ज्याला ते सांगता येते, त्याला दुसरे पान पाठ करावे लागत नाही.